फ्लेक्स: नवोदित शुभेच्छुकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्या होतकरू तरुण-तरुणींना आजवर एकाही फ्लेक्सवर जागा मिळालेली नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तरुणींचा उल्लेख शिष्टाचार म्हणून केला. फ्लेक्सवर त्या बहुधा लग्नानंतर, 'सौ.' लागल्यावरच येतात, आणि त्याही प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला तर. पूर्वपात्रता फारशी नाही. एक पांढरा शर्ट, एक काळा गॉगल, हे दोन्ही अंगावर चढवून काढलेला एक फोटो आणि ज्यांचा वाढदिवस जवळ आला आहे असे एक दादा, भाऊ, अण्णा किंवा शेठ, एवढ्या भांडवलावर अभ्यासाला सुरुवात करता येते.

शब्दार्थ

छपाईवाल्याच्या लेखी फ्लेक्स हे कापड आहे. पॉलिएस्टरच्या जाळीला दोन्ही अंगांनी पीव्हीसीचा थर दिला की ते तयार होते. ते चौरस फुटावर विकले जाते आणि जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम भरते त्यावर सांगतात. 'साधा की स्टार?' असे दुकानात विचारले तर गोंधळू नये. स्टार म्हणजे जाड, गुळगुळीत आणि महाग. उधारीवर करायचा असेल तर साधा.

तेच कापड चौकात टांगले की शब्दाला नवे अर्थ फुटतात. 'अमक्याचा फ्लेक्स लागला' म्हणजे अमका राजकारणात आला. 'त्याचा फोटो फ्लेक्सवर असतो' म्हणजे पोलीस चौकीत त्याला बसायला खुर्ची मिळते. 'या वेळी त्याचा फोटो नव्हता' म्हणजे तो पक्ष तरी बदलणार आहे किंवा त्याने वर्गणी दिलेली नाही. आणि 'फ्लेक्स फाडला' एवढेच कानावर आले तर त्या संध्याकाळी त्या रस्त्याने जाऊ नये.

आता भाऊबंद. मुंबई-ठाण्याकडे याच वस्तूला बॅनर म्हणण्याकडे कल आहे. फलक हा वर्तमानपत्री शब्द. तो कधी नुसता लागत नाही, नेहमी 'झळकतो'. होर्डिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, भाडे, करार, परवाना आणि त्यावर बहुधा एखाद्या बिल्डरचे बारा टॉवर. महापालिकेच्या दप्तरी मात्र यातल्या कित्येक गोष्टींना एक अलौकिक नाव आहे, आकाशचिन्ह. पुणे महापालिकेत 'आकाशचिन्ह व परवाना विभाग' खरोखर आहे. पहिल्यांदा ती पाटी वाचणाऱ्याला तिथे पंचांग मिळत असेल असे वाटते. इंग्रजी कायद्यातल्या शब्दाचे कुणा सरकारी भाषांतरकाराने अक्षरशः मराठी केले आणि नकळत कविता लिहून गेला. नवोदितांनी घाबरू नये. आपला फ्लेक्स दोन खांबांमध्ये सुतळीने बांधलेला असल्यामुळे तो आकाशापर्यंत जात नाही आणि परवान्यापर्यंतही.

आणखी दोन शब्दांतला फरक पाठ करावा. आपण लावतो तो 'शुभेच्छा फलक'. समोरचा लावतो ती 'बॅनरबाजी'. आपण करतो तो 'जनसंपर्क', त्याची ती 'चमकोगिरी'. पत्रकाराला प्रतिक्रिया देताना हे शब्द चुकून उलटे पडले तर मोठा घोटाळा होतो.

इतिहास, परीक्षेत विचारत नाहीत म्हणून थोडक्यात

फ्लेक्सच्या आधी पेंटर होता. कापड ताणायचे, खडूने ओळी आखायच्या, मग ब्रश. अक्षरागणिक मेहनत असल्यामुळे मजकूर आपोआप कमी राही आणि चेहरा काढणे महागात पडत असल्याने तो फक्त मोठ्या नेत्याच्या वाट्याला येई. या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या पन्ह्याची छपाई यंत्रे गावोगाव पोहोचली आणि दोन्ही अडचणी एकदम संपल्या. शब्द फुकट झाले, चेहरे तर त्याहून फुकट. वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर एक डोके छापले काय नि साठ छापली काय, बिल चौरस फुटांचेच होते. त्यापुढचे सगळे त्या साठ डोक्यांचे राजकारण आहे.

रचना

फ्लेक्स वरून खाली रचतात आणि खालून वर वाचतात. नवशिक्या इथेच फसतो. तो आधी मधला मोठा चेहरा पाहतो.

सर्वांत वर महापुरुष. कोणते आणि कोणत्या क्रमाने, यावरून कोणत्या वस्तीची मते हवी आहेत ते कळते, म्हणून इथे काटकसर करू नये. त्याखाली पक्षश्रेष्ठींची पट्टी. ही पूर्वी सोपी होती. जून २०२२मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी फुटल्यापासून मात्र डिझायनरच्या संगणकातल्या जुन्या फाइली धोकादायक झाल्या आहेत. मागच्या वर्षीच्या फाइलीत फक्त तारीख बदलून छापायला दिलेला फ्लेक्स सकाळी उघडून पाहावा तर त्यावर काका-पुतणे शेजारी शेजारी हसत उभे. कुणाचा फोटो कुणी लावायचा हा प्रश्न चौकातल्या पोरांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मार्च २०२४ आठवावा. शरद पवारांचे नाव आणि छायाचित्र प्रचारात वापरणार नाही अशी हमी सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार गटाकडून मागितली होती.

मध्यभागी उत्सवमूर्ती. त्यांच्या मुद्रा ठरलेल्या आहेत. मोबाइल कानाला लावलेला असेल तर साहेब कामात आहेत आणि तुमचे काम होण्याचा संभव आहे. हात जोडलेले असतील तर निवडणूक जवळ आली. हात वर करून अभिवादन म्हणजे निवडून आले आहेत, आता जोडण्याची गरज उरली नाही. पाठीमागे घोडा किंवा वाघ असेल तर कार्यकर्ता अजून तालुक्यात आहे. विधान भवनाची इमारत दिसू लागली की तो तालुक्यात मावेनासा झाला आहे.

राखीव प्रभागात रचना किंचित बदलते. २०११पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, पण फ्लेक्सच्या निम्म्या जागेबद्दल कायद्यात काही लिहिलेले नाही. त्यामुळे उमेदवार ताई आणि ताईंचे यजमान शेजारी शेजारी उभे असतात, यजमान अर्धा फूट पुढे आणि मोबाइल त्यांच्या कानाला. वाढदिवसही बहुधा त्यांचाच असतो.

आता वाचनाचा खरा भाग, तळाची रांग. इथे डाकतिकिटाएवढे चेहरे दाटीवाटीने बसवलेले असतात. जाणकार माणूस फ्लेक्ससमोर स्कूटर थांबवतो तेव्हा मधला चेहरा पाहतच नाही. तो तळाशी कोण आहे, मागच्या वर्षी होता तो कुठे गेला आणि त्याच्या जागी हा नवा कोण, एवढे टिपतो आणि निघतो. मुळात ही जाहिरात रस्त्यावरच्या लोकांसाठी नसतेच. रस्त्यावरच्या लोकांना सिग्नल दिसत नाही एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध. तळातले साठ जण वरच्या एकाला सांगतात की आम्ही तुमचे. मधला एक त्याच्याही वरच्या तिघांना सांगतो की माझ्याकडे साठ आहेत. हे कानात सांगता आले असते. पण कानात सांगितलेले दुसऱ्या दिवशी नाकारता येते, वीस बाय दहाचे नाकारता येत नाही.

उपाध्या व संक्षेप

'आ.' म्हणजे आमदार, 'खा.' म्हणजे खासदार, 'ना.' म्हणजे नामदार, अर्थात मंत्री. 'ह.भ.प.' म्हणजे हरिभक्तपरायण, हे कीर्तनाच्या फ्लेक्सवर शोभते आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मते आणते. 'कै.' आणि 'वै.' यांची गल्लत चालेल, पण ती दोन्ही जिवंत माणसाच्या नावाआड येणार नाहीत एवढे मात्र पाहावे.

सर्वांत उपयुक्त संक्षेप 'मा.' हा आहे. त्याचा अर्थ माननीय होतो आणि माजीही होतो. 'मा. नगरसेवक' असे छापले की पडलेल्या माणसाला माननीय वाटते, विरोधकाला माजी वाटते आणि छापणाऱ्यावर कोणी रागावत नाही. दोन मात्रांच्या एका अक्षरात एवढी मुत्सद्देगिरी मराठीत दुसरीकडे सापडत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला 'भावी'. भावी नगरसेवक, भावी आमदार. या पदाला शपथविधी नाही, मुदत नाही आणि अविश्वास ठरावही नाही. २०२२मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपून प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या, त्या काळात नगरसेवक असे कोणी उरलेच नव्हते. होते ते सगळे एकतर 'मा.' होते किंवा 'भावी'. वर्तमानकाळात कुणीही नाही. शहर तरीही चालत होते, पण हा मुद्दा फ्लेक्सवर घेऊ नये.

विशेषणांत कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, दानशूर व्यक्तिमत्त्व हा साठा छपाईवाल्याकडे तयार असतो. तो विचारेल, 'दादा, किंग मागच्या गल्लीत गेलं, तुम्हाला वाघ देऊ का?' होय म्हणावे. या सगळ्यांत खरी विशेषणे फक्त शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाला वाचायला मिळतात. त्याच्या नावापुढे अमक्या मैदानाचा मानकरी असे लिहिलेले असते आणि तो खरोखर त्या मैदानात पळून पहिला आलेला असतो. बैलाला कुणी 'भावी' म्हणत नाही.

पैसे

'सौजन्य' म्हणजे पैसे दिले. 'शुभेच्छुक' म्हणजे पैसे देतो म्हणाले. 'संकल्पना' म्हणजे पैसे दिले नाहीत पण फोटो मोठा हवा. 'मार्गदर्शक' म्हणजे पैसे मागायची सोय नाही. 'समस्त ग्रामस्थ' म्हणजे ग्रामस्थांना ठाऊक नाही. 'मित्रपरिवार' हा शब्द मात्र आदराने वाचावा. ज्या उत्सवमूर्तीने स्वतःच्या अभिनंदनाचा पूर्ण खर्च स्वतः केला आहे, तिने घेतलेले ते टोपणनाव आहे.

निवडणुकीच्या दिवसांत हा खेळ जरा अवघड होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२७-क नुसार प्रचाराच्या पत्रकावर आणि फलकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. सगळ्या फ्लेक्सवर हाच एक मजकूर असा असतो, की जो वाचायला गुडघ्यावर बसावे लागते.

मुद्रितशोधन

डिझायनर व्हॉट्सॲपवर नमुना पाठवतो आणि खाली लिहितो, 'चेक करून ओके द्या'. तो ग्रुपवर जातो. साठ माणसे तो उघडतात, बोटांनी मोठा करतात, स्वतःचा फोटो शोधतात आणि अंगठा दाखवतात. मजकूर कोणीच वाचत नाही. म्हणून 'शुभेच्छा'चे 'शुभेच्या', 'हार्दिक'चे 'हार्दीक' आणि 'अभीष्टचिंतन'चे 'अभिष्टचिंतन' दहा फुटी अक्षरांत आठवडाभर उभे राहते. शेवटच्या शब्दाबाबत आता छपाईवाल्याला बरोबर लिहून दिले तरी तो सुधारून चूक करतो.

यात सगळा दोष माणसांचा नाही. बरीच दुकाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालतात. युनिकोडमध्ये व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर तिथे तसाच चिकटत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. रात्री साडेअकराला, उद्या सकाळी लावायच्या सात फ्लेक्सांपैकी पाचवा टाइप करणाऱ्या मुलाकडून ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा करणे हा शहरी निर्दयपणा आहे. नाव तेवढे तपासावे. उत्सवमूर्तीचे आडनाव चुकले तर शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

लावणे

रात्री एकनंतर. साहित्य: लाकडी चौकट, खिळे, बांधणीची तार, सुतळी, एक टेम्पो आणि खांबावर चढू शकणारा एक मुलगा, ज्याचा फोटो फ्लेक्सवर नसतो. जागा निवडताना वळण, सिग्नल आणि बसथांब्याला प्राधान्य द्यावे, कारण लोक तिथे थांबतात. दुसऱ्याच्या फ्लेक्सवर आपला फ्लेक्स चढवायचा झाल्यास आधी त्याची मुदत, म्हणजे वाढदिवस, उलटली आहे का ते पाहावे. आणि त्याच्या वरच्या पट्टीतले महापुरुष झाकले जाणार नाहीत याची खात्री करावी. माणूस झाकला तर मांडवली होते. महापुरुष झाकले तर बंद पुकारला जातो.

कायद्याची माहिती असावी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५चा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मोठ्या फ्लेक्सचा खर्च यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे अनुभवी मंडळी हा आकडा छपाई, चौकट, टेम्पो यांच्या खालोखाल धरून ठेवतात. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि जानेवारी २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. आपले कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत अशा हम्या राजकीय पक्षांनी न्यायालयाला दिल्या. तेव्हापासून बेकायदा फलक पक्षाचे कार्यकर्ते लावत नाहीत. ते मित्रपरिवार लावतो.

वाऱ्याची गोष्ट मात्र गंभीर आहे, इथे थट्टा थांबवतो. ताणून बांधलेला फ्लेक्स शिडासारखा वारा धरतो, म्हणून जुनी माणसे त्याला जागोजागी अर्धवर्तुळाकार छेद देतात. उत्सवमूर्तीच्या गालावर छेद द्यायला कुणी तयार होत नाही, ही अडचण आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर वादळी वाऱ्यात जाहिरातीचा सांगाडा कोसळला आणि १७ माणसे गेली. तो सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० आहे. त्याआधी एप्रिल २०२३मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्याला वादळात आडोशाला थांबलेली पाच माणसे अशाच सांगाड्याखाली गेली होती. हे परवान्याच्या, करारांच्या जगातले मोठे सांगाडे. आपण सुतळीवाले. पण दुचाकीवाल्याच्या तोंडावर चौकट पडायला फार उंची लागत नाही, आणि एखाद्याचा वाढदिवस साजरा व्हावा म्हणून दुसऱ्याने हॉस्पिटलात जावे इतके कोणतेही व्यक्तिमत्त्व दानशूर नसते.

उतरवणे

या विषयावर लिखित परंपरा नाही. फ्लेक्स लावतात, तो उतरवत नाहीत. तो पाऊस, वारा, शेळ्या किंवा निवडणूक आयोग यांच्यामुळे उतरतो. यांपैकी आयोग सर्वांत वेगवान. आचारसंहिता लागल्यापासून सरकारी जागांवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे बेकायदा फलक ७२ तासांत काढायचे असतात. त्या तीन दिवसांत आपल्याच चौकाला इमारती आहेत असे ध्यानात येते.

उतरलेला फ्लेक्स फेकू नये आणि जाळू तर मुळीच नये. पीव्हीसी जळाले की विषारी धूर निघतो. शिवाय ग्रामीण भागात त्याला मागणी आहे. त्यातून पाणी झिरपत नाही. गोठ्याच्या छपरावर, कांद्याच्या ढिगावर, भाजीच्या हातगाडीवर तो दोन पावसाळे सहज काढतो. गोरगरिबांचे कैवारी हे विशेषण त्या काळात पहिल्यांदा खरे ठरते. अंथरताना छापील बाजू खाली घ्यावी. शेतकरी तसेच करतात, भावी आमदाराचा राग म्हणून नव्हे, पांढरी बाजू कमी तापते म्हणून.

आपला फोटो वगळला गेल्यास

हे कधीतरी होणारच. सकाळी चौकात यावे, तळाची रांग तीनदा मोजावी आणि आपण नसावे. अशा वेळी ग्रुपवर 'लेफ्ट' होऊ नये. लोक फोन करून कारण विचारत नाहीत हे कळल्यावर जास्त वाईट वाटते. डिझायनरला विचारावे. तो 'जागा नव्हती भाऊ' म्हणेल. जागा होती. त्याला नावे काढून देणारा कोण, ते शोधावे.

मग स्वतःच्या वाढदिवसापर्यंत थांबावे आणि दहा बाय आठचा साधा का होईना, आपला फ्लेक्स काढावा. वरची पट्टी जशीच्या तशी ठेवावी, श्रेष्ठींशी आपले भांडण नाही. मध्यभागी आपण, मोबाइल कानाला. नावापुढे अजून काहीच नसेल तर 'मा.' लावावे, विचारले तर सांगता येते. खाली शुभेच्छुक: मित्रपरिवार. आणि ज्याने आपल्याला वगळले त्याचा फोटो आठवणीने घ्यावा, तळाच्या रांगेत, उजवीकडून शेवटचा, जिथे चौकटीचा खिळा येतो तिथे.